लेझर एवढा सरळमार्गी, मग मीटर का नाचतो?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात. कॉलेजचं नाव सांगत नाही. का, ते पुढचं वाचलं की कळेल.

प्रयोग पोरखेळ म्हणावा असा आहे. टेबलावर हेलियम-निऑन लेझर, लाल, २ मिलिवॉटचा. पुढे दोन पोलरॉइड (एकाच दिशेत डुलणारा उजेड आरपार सोडणाऱ्या चकत्या), शेवटी उजेडाचा विद्युतप्रवाह करणारा फोटोडायोड आणि मायक्रोअँपिअरचा मीटर. पहिलं पोलरॉइड पक्कं ठेवायचं, दुसरं दहा-दहा अंशांनी फिरवायचं आणि मालसचा नियम (दोघांमधला कोन वाढला की उजेड कोसाइनच्या वर्गाने घटतो) पडताळायचा. बीएस्सीची मुलंसुद्धा अर्ध्या तासात उरकतात.

परवा मी घाई केली नाही, तिथेच चुकलं. दोन्ही पोलरॉइड समांतर ठेवली, हात मागे घेतला आणि नुसती बघत बसले. मीटर १८० वरून सावकाश ३१० वर गेला, जरा थांबला, पुन्हा १८० वर उतरला. कोणीतरी कंदिलाची वात वर-खाली करावी तसा. लेझर नुकताच सुरू केला होता तेव्हा एक फेरी आठ-दहा सेकंदांत होत होती. अर्ध्या तासाने तीच दीड मिनिटाची झाली. शिवाय शेवटचा अंक सारखा थरथरतो, ते वेगळंच.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "इन्स्ट्रुमेंटल एरर लिही, दहा रीडिंगची सरासरी घे आणि पुढे चल."

मला पुढे चालवत नाहीये. पुस्तकात लेझर म्हणजे एकरंगी, एकदिश, सुसंगत, सगळे गुण एकाच अंगी. मग हा नॉईज येतो कुठून? लेझरच्या पोटातून, वीजपुरवठ्यातून, की माझ्या मीटरमधून?

तर्रीवाला

नॉईज म्हणजे आवाज ना? मले वाटलं मिरवणुकीतल्या डीजेवाल्या लेझरचा धागा आहे. पोहे घेऊन बसलो होतो बावा.

सोल्डरभाऊ

तर्रीवाले, इथे नॉईज म्हणजे रीडिंगमधला नको असलेला चढउतार. ताई, आधी साधं विचारतो. लॅबमध्ये कूलर चालू आहे का? एप्रिलात नागपुरात लॅब म्हणजे कूलर असणारच. त्याचा झोत बीमवरून जात असेल तर गरम आणि गार हवेचे थर मिसळून बीम लचकतो. फोटोडायोडचा डोळा असतो दोन-तीन मिलिमीटरचा, बीमची कड त्याच्या बाहेर गेली की रीडिंग पडलं. दुपारी डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं, तोच खेळ टेबलावर.

दुसरं, वीजपुरवठा. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ. पूर्ण लहर सरळ केली की उरते ती १०० हर्ट्झची लाट. पुरवठ्यातले कपॅसिटर म्हातारे झाले असतील तर ती लाट थेट उजेडात उतरते. ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावा, १० मिलिसेकंदांना एक उंचवटा दिसला की चोर सापडला.

खिडकीपाशी

सोल्डरभाऊ, कूलर आहे, माझ्या पाठीशीच. पण तो बंद करूनही मोठी वर-खाली तशीच राहते (मी मात्र वितळते). ऑसिलोस्कोप उद्या मागते, एकच आहे आणि त्याच्यावर पीएचडीवाल्यांचा ताबा आहे.

शंकासूर

उगाच गूढ करू नका. सर बरोबर आहेत. कॉलेजच्या लॅबमधली साधनं वीस वर्षं जुनी, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची? सरासरी घ्या, आलेख काढा, मार्क घ्या.

निवृत्त प्रिझम

शंकासूर, रोग कोणता ते न विचारता क्रोसिन देण्यातला प्रकार आहे हा. सरासरी घ्यावीच. पण सरासरीने जातो तो नॉईज ज्याला दिशा नसते. दीड मिनिटाची फेरी आणि तुमची दहा रीडिंग वीस सेकंदांत, म्हणजे तुम्ही एकाच चढाची सरासरी काढणार. मी या शहरात एकतीस वर्षं हा विषय शिकवला, आणि हे चढउतार मीसुद्धा पहिली काही वर्षं "एरर" म्हणून वहीत गाडले. आता सांगायला लाज नाही.

मुली, तुझ्या वर्णनातली एक गोष्ट फार मोलाची आहे: फेरी आधी जलद, मग संथ. कूलर असं करत नाही, मेन्स तर नाहीच. जे तापत जातं आणि हळूहळू स्थिरावतं ते असं करतं. तुझ्या लेझरची काचेची नळी तापते आहे.

आता सावकाश सांगतो. लेझर म्हणजे दोन आरशांमधली जागा. त्या जागेत अर्ध्या तरंगलांबीचे पूर्ण संख्येने तुकडे बसले पाहिजेत, तेवढेच रंग टिकतात. त्यांना मोड म्हणतात. आरशांमध्ये २५ सेंटिमीटर अंतर असेल तर शेजारच्या दोन मोडमध्ये ६०० मेगाहर्ट्झचं अंतर पडतं. निऑनचा लाल रंग सुमारे १५०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यातच जोर देतो, म्हणजे एका वेळी दोन, फार तर तीन मोड जिवंत. पुस्तकातला "एकरंगी" इथेच दोन-तीन रंगी झाला, रंग फार जवळचे एवढंच.

काच तापली की लांबते. बोरोसिलिकेट काचेची २५ सेंटिमीटरची नळी एका अंशाला सुमारे ०.८ मायक्रोमीटर वाढते. तरंगलांबीच ०.६३२८ मायक्रोमीटर! त्यामुळे नळी तापताना मोड त्या पट्ट्याखालून एकामागून एक सरकत जातात, एक आत येतो, एक बाहेर पडतो. रहाटाला लावलेल्या पोहऱ्यांसारखे.

यात खोच अशी की तुझ्यासारख्या साध्या नळीत शेजारशेजारच्या मोडची ध्रुवण दिशा, म्हणजे प्रकाशाची लाट ज्या दिशेत डुलते ती, एकमेकींना काटकोनात असते. एक उभा, पुढचा आडवा, पुढचा उभा. नळीतून निघणारी एकूण शक्ती फारशी बदलत नाही. पण तू पहिलं पोलरॉइड लावून त्यातले उभेच तेवढे आत घेतेस. उभा मोड पट्ट्याच्या मधोमध आला की मीटर ३१०, आडव्याने जागा घेतली की १८०. गणित केलं तर एका अंशाला सव्वा फेरी.

दोन गोष्टी करून बघ. पोलरॉइड काढून टाक आणि मीटर बघ. मग पहिलंच पोलरॉइड हळूहळू फिरव आणि प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं थांब. काय दिसतं ते इथे लिही. उत्तर मी आत्ता सांगत नाही.

तर्रीवाला

सर, तुम्ही सस्पेन्समध्ये सोडून गेले न. मी तर आर्ट्सवाला, पण आता मलेही पाह्यचं आहे.

कातरकाम

मी इतवारीत लेझर कटिंगचं काम करतो. नेमप्लेट, ट्रॉफी, लग्नाच्या पत्रिका. आमची मशीन कार्बन डायऑक्साइडची, ४० वॅटची ट्यूब. लॅबचं मले कळत नाही पण हे तापण्याचं एकदम पटलं. मे महिन्यात सकाळी नऊ वाजता ३ मिलिमीटरचं अॅक्रिलिक लोण्यासारखं कापते, दुपारी दोनला त्याच सेटिंगवर अर्धवट कट लागते. पोट्ट्याले वाटते लेन्स खराब झाली, पुसत बसते. लेन्स चांगली असते, पाणी गरम झालेलं असते. पहिल्या वर्षी चिलर घ्यायची ऐपत नव्हती तर बादलीत बर्फाच्या बाटल्या टाकून काम काढलं. मग पावसाळ्यात तेच केलं आणि ट्यूबवर बाहेरून दव जमलं. वरून हजारो व्होल्ट. ठिणगी उडाली, ट्यूब गेली. तेव्हापासून बर्फ फक्त लिंबू सरबतात.

एक विचारायचं होतं. कट मारताना कडेवर बारीक दातरे येतात कधी कधी. तोही नॉईजच का?

सोल्डरभाऊ

@कातरकाम, बहुतेक नाही. ते बेल्ट ढिला असल्याचं किंवा पुरवठा पल्समध्ये चालतो त्याचं. डोकं सरकण्याचा वेग आणि पल्सचा वेग यांचा मेळ बसला नाही की प्रत्येक पल्सचा एक दात. वेग अर्धा करून बघा. दातांमधलं अंतरही अर्धं झालं तर पल्स, तेवढंच राहिलं तर बेल्ट.

कातरकाम

तेवढंच राह्यलं. बेल्टच ढिला होता. तुमचे पोहे लागले माझ्याकडे.

चष्मिश

मला वेगळंच दिसतं. लेझरचा ठिपका भिंतीवर पडला की त्यात वाळूसारखे कण दिसतात, सतत चमचमणारे. तोच नॉईज ना?

निवृत्त प्रिझम

नाही. पण प्रश्न चांगला. भिंत खडबडीत असते, तिच्या प्रत्येक कणावरून परतलेला प्रकाश तुमच्या डोळ्यात येऊन एकमेकांत मिसळतो. कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते. त्याला स्पेकल म्हणतात. लेझर अगदी शांत असला तरी ते दिसणारच. किंबहुना प्रकाश सुसंगत आहे म्हणूनच दिसतं.

चष्मा काढून डोकं उजवीकडे हलवा. कण उलट दिशेने, म्हणजे डावीकडे पळाले तर तुम्हाला जवळचं दिसतं आणि लांबचं नाही. डोक्याबरोबरच पळाले तर उलट दोष. नंबर नेमका नाही कळत, प्रकार कळतो. भिंतीवरच्या ठिपक्याकडेच बघा, किरणात मात्र डोळा घालू नका.

चष्मिश

डावीकडे पळाले! दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन आहे. घरचे विचारतायत की भिंतीसमोर नंदीबैलासारखी मान का हलवते आहे.

रामटेकवरून

आम्ही हिवाळ्यात आकाशदर्शनाला रामटेकच्या बाजूला जातो. हिरवा पॉइंटर डिसेंबरच्या रात्री आधी पेटतच नाही, खिशात धरून ऊब दिली की जागा होतो. पेटला तरी मधूनच फिका पडतो, मधूनच लखलखतो. लाल पॉइंटर असं काही करत नाही. हे काय?

सोल्डरभाऊ

हिरव्याच्या पोटात तीन मजले आहेत. खाली ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड, त्याच्यावर निओडिमियमचा स्फटिक जो १०६४ देतो, त्याच्यावर केटीपीचा स्फटिक जो त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ म्हणजे हिरवा करतो. डायोडचा रंग अंशाला साधारण पाव ते ०.३ नॅनोमीटर सरकतो. निओडिमियमला जेवायला ८०८ च लागतं, ८०३ वाढलं तर ताट बाजूला सारतो. म्हणून थंडीत उपाशी.

लखलखाट हा वेगळा किस्सा, त्याला "ग्रीन प्रॉब्लेम" असं नावच पडलेलं आहे. १९८६ मध्ये थॉमस बेअर यांनी त्याचा उलगडा केला. अवरक्त मोड जर दोन-चार असतील तर केटीपीमध्ये प्रत्येक मोड स्वतःपुरता दुप्पट होतो असं नाही, शेजाऱ्याशी बेरीज करूनही हिरवा बनतो. म्हणजे एकाची कमाई दुसऱ्याच्या खिशातून. सामायिक विहिरीवर चार भावांनी पंप बसवल्यासारखं, एकाने ओढलं की दुसऱ्याचं पाणी तुटतं. एकूण उजेड सैरभैर होतो. बाहेरून काही बिघडलेलं नसतं.

स्वस्तातल्या हिरव्या पॉइंटरमध्ये अवरक्त गाळणारी काचच नसते बरं का. जे दिसतं त्याच्यापेक्षा न दिसणारं जास्त बाहेर येऊ शकतं. पोरांच्या हातात देऊ नका आणि विमानाकडे तर चुकूनही नको.

शंकासूर

सगळं मान्य. पण आतापर्यंत तुम्ही जे सांगितलं ते सगळं दुरुस्त होणारं आहे. नळी स्थिर तापमानाला ठेवा, पुरवठा बॅटरीवर घ्या, कूलर बंद करा, एकच मोड ठेवा. मग लेझर शांत. म्हणजे नॉईज लेझरचा नाहीच, आपल्या गरिबीचा आहे.

निवृत्त प्रिझम

याचीच वाट बघत होतो.

आपल्या शाळेतलं लेझीम आठवा. शंभर मुलं एका ठेक्यावर. लेझरमध्ये अणू असंच करतात: येणाऱ्या प्रकाशाच्या ठेक्यात आपला फोटॉन मिसळतात. हे उद्दीपित उत्सर्जन, आईन्स्टाईनने १९१७ मध्ये मांडलेलं. पण त्याच कामात दुसरीही गोष्ट होती. काही अणू कोणाचं न ऐकता मनात येईल तेव्हा फोटॉन सोडतात. उत्स्फूर्त उत्सर्जन. शंभरातलं एखादं पोर भलत्याच वेळी लेझीम वाजवतं. त्याला काढून टाकता येत नाही, कारण सुरुवातीचा ठेका त्यानेच दिलेला असतो. पहिला फोटॉन उत्स्फूर्तच असतो ना.

अशा प्रत्येक चुकार फोटॉनने दोन धक्के बसतात. एक प्रकाशाच्या जोराला, एक त्याच्या कलेला, म्हणजे लाटेच्या ठेक्याला. जोराचा धक्का लेझर सावरून घेतो. उजेड वाढला तर ऊर्जा भरलेल्या अणूंचा साठा लवकर संपतो, उजेड आपोआप उतरतो. कलेला मात्र असा लगाम नाही. तिला कोणी मूळ जागी ओढत नाही, ती दारुड्यासारखी डुलत डुलत कुठेही जाते. म्हणून लेझरच्या रंगाला थोडी तरी रुंदी राहतेच. शावलो आणि टाउन्स यांनी १९५८ मध्ये, म्हणजे मेमनने १९६० साली पहिला लेझर पेटवण्याच्याही आधी, ही रुंदी कागदावर काढली होती! शक्ती दुप्पट केली की ती निम्मी होते, शून्य कधीच होत नाही.

प्रत्यक्षात आपल्याला ती दिसत नाही, हेही खरं. २५ सेंटिमीटरच्या नळीचा आरसा १ नॅनोमीटर हलला तरी वारंवारता सुमारे २० लाख हर्ट्झने सरकते. वरच्या मजल्यावर कोणी बाक सरकवला की शावलो-टाउन्स झाकले जातात.

कळमना

सर, जोराला लगाम आहे म्हणता, पण लगाम उशिरा लागला तर? आमच्याकडे संत्र्याचं तसंच होतं. भाव चढला की सगळे एकदम तोड करून मार्केटला आणतात, भाव कोसळतो, मग कोणी आणत नाही, भाव पुन्हा चढतो.

निवृत्त प्रिझम

वा! याला रिलॅक्सेशन ऑसिलेशन म्हणतात आणि तुमचं उदाहरण मी पुढच्या व्याख्यानात चोरणार. अणूंचा साठा हा माल, उजेड हा उठाव. ज्या लेझरमध्ये साठा प्रकाशापेक्षा सावकाश बदलतो तिथे हेलकावे येतात. निओडिमियमच्या स्फटिकात सेकंदाला हजारो ते लाखो, डायोडमध्ये अब्जावधी. धक्का द्यायला तेच चुकार फोटॉन पुरतात. हेलियम-निऑनमध्ये मात्र उलट आहे, तिथे साठा चटकन जुळवून घेतो, म्हणून हेलकावे नाहीत. खिडकीपाशीने हा रोग स्वतःच्या यादीतून खोडावा.

सोल्डरभाऊ

डायोडचं निघालं म्हणून सांगतो. सीडी प्लेअर दुरुस्त करण्यात माझी पंधरा वर्षं गेली, बर्डीवर दुकान होतं. डायोडचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचाच उजेड परत येणं. सीडीच्या चकचकीत पाठीवरून एक टक्काही उजेड उलटा डायोडमध्ये शिरला की तो गोंधळतो, या मोडवरून त्या मोडवर उड्या मारतो. मोठ्याने बोलताना स्वतःचाच प्रतिध्वनी कानात आला की माणूस अडखळतो, तसं. त्यावर कंपन्यांनी काढलेला उपाय ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो: डायोडला मुद्दाम सेकंदाला कोट्यवधी वेळा हलवायचं. म्हणजे तो एका रंगावर ठाम राहतच नाही आणि परत आलेल्या उजेडाशी त्याचं भांडण जमत नाही. लेझरची सुसंगती बिघडवून आवाज सुधारला!

ताई, तुमच्याकडेही पोलरॉइडची काच बीमला अगदी काटकोनात असेल तर ती जराशी तिरकी करा. परतणारा ठिपका नळीच्या तोंडात जायला नको.

शंकासूर

ठीक, उत्स्फूर्त उत्सर्जन मानलं. पण मी एका व्याख्यानात ऐकलं होतं की सगळ्यात शेवटी उरतो तो शॉट नॉईज, आणि तो डिटेक्टरमध्ये तयार होतो. इलेक्ट्रॉन एकेक करून सुटतात, पत्र्यावर पावसाचे थेंब वाजावेत तसे. १९१८ मध्ये शॉट्कीने तो निर्वात नळ्यांच्या बाबतीतच मांडला ना? मग प्रकाशाला कशाला दोष?

हिंगोलीकर

हा मुद्दा आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून मध्ये बोलतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे लेझरने गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होते आहे, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले.

आधी शॉट नॉईज किती तो बघा. ताईंचा लेझर २ मिलिवॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६४ कोटी कोटी फोटॉन. ते ठरवून येत नाहीत, थेंबासारखे येतात, म्हणून मोजणीतला चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा: ८ कोटी. म्हणजे एका सेकंदाच्या मोजणीत ८ कोटींत एक भाग. ताईंचा मीटर १८० चा ३१० होतोय, तिथे याला कोण विचारतो! पण लायगोला विचारावं लागतं. ४ किलोमीटरच्या बाहूच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाएवढा बदल बघायचा असतो.

आता शंकासूर यांचा प्रश्न. नॉईज फक्त डिटेक्टरच्या इलेक्ट्रॉनांचा असता, तर प्रकाशात काहीही बदल केला तरी तो हलायला नको होता. पण १९८५ पासून स्क्वीझ्ड म्हणजे पिळलेला प्रकाश बनवता येतो, आणि तो त्याच डिटेक्टरवर पाडला की नॉईज शॉट नॉईजच्या खाली उतरतो. डिटेक्टर तोच, इलेक्ट्रॉन तेच. म्हणजे थेंबांची बेशिस्त प्रकाशातच होती. लायगो २०१९ पासून असा प्रकाश नेहमीच्या निरीक्षणात वापरतं. फुकट काही मिळत नाही, एका बाजूचा नॉईज दाबला की दुसऱ्या बाजूचा फुगतो, अर्ध्या हवेच्या फुग्यासारखा. इथे जोर आणि कला या त्या दोन बाजू समजा.

शंकासूर

हे मला माहीत नव्हतं. डिटेक्टरवरचा आरोप मागे. पण ताईंच्या टेबलावर हे कळायचं कसं, की उरलेली थरथर कोणाची? प्रत्येक जण काय लायगो बांधणार?

निवृत्त प्रिझम

राखाडी काच पुरते. उजेड निम्मा करा आणि थरथर मोजा. थरथरही निम्मी झाली तर ती लेझरची किंवा पुरवठ्याची. वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे शंभराची सत्तर झाली तर शॉट नॉईज. काहीच फरक पडला नाही तर मीटरची स्वतःची. आणि त्याच्याही आधी लेझरच्या तोंडावर काळा कागद धरा. ही चाचणी सगळे विसरतात.

तर्रीवाला

सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ नागपुरात होते म्हणते. म्हणजे आपल्या पाण्यातच आहे हे, वर्गमुळं काढणं आणि उजेडाकडे पाहणं. गांधीसागराजवळच्या विज्ञान केंद्रालाही नाव त्यांचंच. मी मात्र तिथे फक्त शाळेच्या सहलीला गेलो, आणि बाहेर चिवडा खाल्ला.

फुटाळा वॉक

सहा दिवस झाले. ताईंचं काय झालं? पीएचडीवाल्यांनी ऑसिलोस्कोप दिला की नाही?

खिडकीपाशी

दिला, सकाळी सात ते नऊ. शिपाईकाकांनी लॅब लवकर उघडून दिली, त्यांचे फार उपकार.

निवृत्त प्रिझम सरांनी सांगितलं तसं दोन्ही पोलरॉइड काढली. फोटोडायोडवर उजेड जास्त होईल म्हणून पुढे राखाडी काच ठेवली. मोठी वर-खाली जवळजवळ गायब! मीटर शंभरात दोन-तीन भाग हलतो, बस. मग एकच पोलरॉइड ठेवून पंधरा-पंधरा अंशांनी फिरवलं आणि प्रत्येक जागी चार मिनिटं घड्याळ लावून बसले. एका जागी झोका सगळ्यात मोठा. तिथून ४५ अंश पुढे गेले तर झोका नाही. अजून ४५ अंश पुढे तो पुन्हा मोठा, फक्त आधी जिथे चढ होता तिथे आता उतार. उभे आणि आडवे मोड दोघं ४५ अंशांवर निम्मेनिम्मे आत येतात, एकाचं कमी झालं की दुसऱ्याचं वाढतं, बेरीज तीच. सर, हेच ना तुम्ही लपवून ठेवलेलं उत्तर? मी टेबलावर मूठ आपटली, त्याने मीटर हलला तो वेगळा नॉईज.

पहिलं पोलरॉइड त्या ४५ अंशांवर पक्कं केलं, लेझर तासभर तापू दिला, मग मालस केला. कोसाइनच्या वर्गाची रेघ अशी बसली आहे की गाइडसरांनी विचारलं, "रीडिंग बनवलीस का?"

आता उरलेली थरथर. ऑसिलोस्कोपवर १० मिलिसेकंदांना एक उंचवटा, सोल्डरभाऊंनी सांगितला तसाच. पुरवठ्याचा कपॅसिटर बदलायचा अर्ज लिहायला घेतला. मग काळ्या कागदाचं आठवलं. लेझरचं तोंड झाकलं. उंचवटा तसाच.

वरची ट्यूबलाइट होती.

सोल्डरभाऊ

अर्ज फाडला ना?

खिडकीपाशी

फाडला. ट्यूब बंद करून, खिडकीला चादर लावून पुन्हा बघितलं. थरथर बरीच खाली आली. जे उरलं ते झाकलं तरी तेवढंच आहे, म्हणजे मीटरचं स्वतःचं. त्याच्या खाली आठ कोटींत एक भागवाला कुठेतरी आहे, पण माझा मीटर तिथवर पोचत नाही. अंधार आणि बंद कूलर, त्यामुळे नऊ वाजता बाहेर आले तेव्हा आंघोळ केल्यासारखी दिसत होते.

निवृत्त प्रिझम

हेच. वहीत झोक्याचा आलेखही चिकटव, सरासरी न काढता. परीक्षक विचारतील.

तर्रीवाला

आणि कातरकाम भाऊंचे पोहे राह्यले. रविवारी सकाळी आठला, कुठे ते सांगा. तर्री वेगळी मागजा, सोल्डरभाऊले तिखट चालत नाही असं मागच्या धाग्यावर लिहिलं होतं त्यांनी.

सोल्डरभाऊ

चालते. नॉईज जास्त होतो, एवढंच.